हिरवा चेहरा, खचलेला बाक : अभिव्यक्तिवादी चित्र रंगवताना

जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरने १९१५ मध्ये सैनिकाच्या गणवेशातलं आत्मचित्र रंगवलं. त्यात त्याचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. तोंडात सिगारेट लोंबते आहे, चेहरा पिवळट पडला आहे, डोळे रिकामे आहेत आणि खांद्यावर तोफखान्याच्या तुकडीचा ७५ हा आकडा आहे. प्रत्यक्षात किर्शनरचा हात धडधाकट होता. लष्करी प्रशिक्षणातच त्याचं मन कोलमडलं आणि त्याला सोडून देण्यात आलं. आता आपल्याला रंगवता येणार नाही, ही भीती त्याने चित्रकाराच्या सगळ्यात मोलाच्या अवयवावर नेऊन ठेवली.

असा हात तोडायची मोकळीक अभिव्यक्तिवादाने, म्हणजे दिसतं तसं न रंगवता आतून जाणवतं तसं रंगवणाऱ्या प्रवाहाने, चित्रकाराला दिली. ती वापरायची कशी, हे इथे एक चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं करत पाहू. रंग कुठलाही लावता येतो, आकार कसाही ओढता येतो, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: उजेड-अंधाराच्या पायऱ्या आणि मोडतोडीची एकच दिशा. या दोन्ही सुटल्या की चित्र फक्त भडक आणि वाकडं दिसतं. नवशिक्यांची बहुतेक चित्रं इथेच फसतात.

थोडी पार्श्वभूमी, कारण पुढे हीच नावं येतील. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि एडवर्ड मुंक हे या वाटेचे आधीचे प्रवासी. ७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेनमध्ये किर्शनर, एरिच हेकेल, कार्ल श्मिट-रॉटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'डी ब्रुके', म्हणजे 'पूल', हा गट काढला. १९११ मध्ये म्युनिकला कांडिन्स्की आणि फ्रांझ मार्क यांचा 'डेर ब्लाउए रायटर', म्हणजे 'निळा घोडेस्वार', उभा राहिला. व्हिएन्नात एगॉन शिले आणि ऑस्कर कोकोश्का होते. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'अधोगत कला' म्हणून प्रदर्शन भरवलं आणि या मंडळींची चित्रं हेटाळणीसाठी टांगली. नाझींमुळेच मायदेश सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि कलासमीक्षक रूडी फॉन लायडन हे दोघे मुंबईत पोचले आणि इथल्या तरुण चित्रकारांचे पाठीराखे झाले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधला, गोव्यातल्या सालिगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा म्हणूनच आपल्याला या परंपरेतला सगळ्यात जवळचा धडा वाटतो.

सामान

आकार १२ × १६ इंच. याहून लहान घेतलात तर हात मनगटातूनच फिरतो आणि रेषा भित्री होते. प्राइम केलेला, म्हणजे रंग धरण्यासाठी आधीच अस्तर दिलेला, कॅनव्हास बोर्ड चालेल, ३०० जीएसएमचा (जाड, वजनदार) कागदही चालेल. पहिल्या दोन-तीन चित्रांसाठी ॲक्रिलिक सोयीचं, कारण थर लगेच वाळतो आणि चूक झाकता येते.

रंग सातच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, ॲलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन. काळा रंग मुद्दाम यादीत नाही. ॲलिझरिन आणि व्हिरिडियन एकत्र केले की काळ्याच्या जवळचा गडद रंग मिळतो, आणि तो हवा तसा लालीकडे किंवा हिरव्याकडे झुकवता येतो. पांढरा नेहमी दुपटीने संपतो, म्हणून त्याची ट्यूब मोठी आणा. एक इशारा: ॲक्रिलिकमध्ये 'व्हिरिडियन ह्यू' म्हणून मिळणारा हिरवा बहुतेकदा फ्थॅलो जातीचा असतो. तो भयंकर जोरकस असतो. पुढे जिथे व्हिरिडियनचं प्रमाण सांगितलं आहे, तिथे हा असेल तर चौथा हिस्साच घ्या.

ब्रश तीन: १२ नंबरचा आणि ८ नंबरचा फ्लॅट, दोन्ही राठ केसांचे, आणि रेषेसाठी ६ नंबरचा राउंड. मऊ ब्रश नको, तो कडा गुळगुळीत करतो. शिवाय चारकोलच्या कांड्या, साधे कार्ट्रिज कागद, पाण्याची दोन भांडी (एक उष्ण रंगांच्या ब्रशसाठी, एक थंड), जुनी सुती फडकी आणि फोनचा कॅमेरा.

भावनेचं क्रियापद शोधा

'दुःख', 'एकटेपणा', 'राग' ही नावं रंगवायला बसल्यावर कामाला येत नाहीत, कारण त्यांना दिशा नसते. भावना अंगात कुठे आणि कशी जाणवते ते बघा. छाती आवळते, खांदे गळतात, जबडा ताठतो, डोकं भणभणतं. त्यातलं एक क्रियापद निवडून कागदाच्या कोपऱ्यात लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याला विचारून घ्यायचा.

मुंकची १८९३ ची 'किंकाळी' या नजरेने पाहा. दोन मित्रांबरोबर चालताना सूर्यास्ताचं आकाश रक्तासारखं लाल झालं आणि निसर्गातून एक अखंड किंकाळी गेल्यासारखं वाटलं, अशी त्याची स्वतःची नोंद आहे. म्हणून पुढची आकृती कानांवर हात ठेवून उभी आहे. इथलं क्रियापद 'घुमणं'. आकाश, खाडी, डोकं आणि धड, सगळ्यांना तोच वळसा आहे. पण पुलाचा कठडा पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, आणि मागचे दोघे मित्र ताठ चालले आहेत. छापील चित्रावर हाताने कठडा झाकून पाहा, लाटेचा जोर चटकन ओसरतो. वाकलेल्या गोष्टीचं वाकणं कळायला शेजारी काहीतरी सरळ लागतं.

आपण घेऊ ते उदाहरण असं: रुग्णालयाच्या बाकावर रात्रभर जागलेला माणूस. मागे दोन रंगांत रंगवलेली भिंत, वर ट्यूबलाइट, खाली फरशी. क्रियापद 'खचणं'. माणूस खचलेला, त्याच्याबरोबर बाक खचलेला, फरशीही पुढे घसरत आलेली. सरळ राहणार दोनच गोष्टी: ट्यूबलाइट आणि भिंतीवरचा पट्टा.

आधी बरोबर रेखाटन

ही पायरी गाळायचा मोह फार होतो. मोडायचंच आहे तर नीट कशाला काढायचं? कारण जे ठाऊक नाही ते मोडता येत नाही, ते फक्त चुकतं. चेहऱ्याचं साधं माप लक्षात ठेवा: डोळ्यांची रेघ हनुवटी आणि टाळू यांच्या बरोबर मध्ये येते, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर असतं. आपल्या कॅनव्हासवर डोकं साधारण ६ इंच उंच आणि ४ इंच रुंद धरा. म्हणजे डोळे ३ इंचांवर. या मापाने एक रेखाटन वीस मिनिटांत करा. समोर माणूस बसवता आला तर उत्तम, नाहीतर आरसा आहेच.

मग वेळ कमी करा. ब्रुके गटातले चित्रकार मॉडेलला पंधरा मिनिटांच्या वर एका पवित्र्यात ठेवत नसत. घाईत हात तपशील सोडतो आणि मूळ हालचाल पकडतो. त्याच माणसाची पाच रेखाटनं पाच-पाच मिनिटांत करा, नंतर आणखी पाच, एका-एका मिनिटात. चारकोल मनगटातून न फिरवता खांद्यातून फिरवा. शेवटच्या पाचांत बहुधा एक असं निघतं ज्यात मान आणि खांदा यांची एकच सलग रेघ आली आहे. तोच तुमच्या चित्राचा सांगाडा.

मोडतोड किती आणि कुठे

मराठी कलासमीक्षेत याला विरूपण म्हणतात. 'विकृती' हा शब्द टाळलेला बरा, त्यात आजाराचा वास येतो. विरूपणाचं प्रमाण हा प्रत्यक्ष रंगवणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. माप थोडंसं, म्हणजे दहाव्या हिश्शाने, बदललं तर बघणाऱ्याला ती चूक वाटते. पाव किंवा तिसऱ्या हिश्शाने बदललं तर तो हेतू वाटतो. मधल्या जागेत थांबू नका.

आपल्या माणसाचं डोकं ६ ऐवजी साडेसात इंच करा, रुंदी ४ ची ३ वर आणा. डोळ्यांची रेघ मधोमध न ठेवता वरून ५ इंचांवर घ्या. कपाळ उंच आणि जड होईल, चेहऱ्याचा ऐवज खाली साचेल. खांदे कानांपासून जितके खाली नेता येतील तितके न्या. हात गुडघ्यांच्या मध्ये लोंबू द्या, पंजे चेहऱ्याएवढे मोठे. बाकाची कड मधोमध दीड इंच खाली झुकवा.

आता एक गोष्ट जशीच्या तशी ठेवायची. चेहऱ्यात डोळा आणि नाकाचं मूळ यांचं नातं खरं ठेवा, बाकी ओढा. सगळंच हललं की बघणाऱ्याची नजर कुठेच टेकत नाही आणि चित्र व्यंगचित्र होतं. व्यंगचित्रकार त्या माणसाचं जे वेगळेपण असेल ते वाढवतो: मोठं नाक आणखी मोठं. इथे भावनेने जे बदललं आहे ते वाढवायचं. नाक मोठं असेल तर असू द्या, खचण्याशी त्याचा काही संबंध नाही.

निरनिराळ्या चित्रकारांची मोडतोड कशी एकाच दिशेने जाते ते बघण्यासारखं आहे. किर्शनरच्या १९१३-१४ च्या बर्लिनच्या रस्त्यांवर माणसं पाचरीसारखी टोकदार आणि लांबुडकी होतात, फुटपाथही त्याच कोनात कापलेला असतो. शिले सांध्यांवर येतो: बोटांची पेरं, कोपर, बरगड्या, जिथे हाड कातडीला आतून ढकलतं. सूझा डोळे कपाळावर नेऊन बसवतो आणि चेहरा काळ्या, आडव्या-उभ्या फटकाऱ्यांनी विणतो. त्याच्या रेषेत गोव्याच्या चर्चमधले बाणांनी विंधलेले संत आहेत.

पार्श्वभूमीही मोडावीच लागते. माणूस वाकडा आणि खोली जशीच्या तशी राहिली तर बघणाऱ्याला फक्त आजारी माणूस दिसतो.

रंगाआधी काळं-पांढरं

तीन बाय चार इंचांचे चार चौकोन आखा. प्रत्येकात हेच चित्र फक्त तीन टोनमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या तीन पायऱ्यांत, भरा: कागदाचा पांढरा, मधला करडा, काळा. रेषा नकोत, नुसते डाग. चौघांपैकी ज्यात डोकं, हात आणि बाक लांबूनही वेगळे कळतात तो निवडा. ट्यूबलाइट वरून येतो, म्हणून कपाळ, नाकाचा दांडा आणि मांड्यांचा वरचा भाग पांढरा. डोळ्यांच्या खोबणी, गालाखालची जागा आणि छाती काळी.

ज्यांची रेषा मऊ पडते त्यांनी हाच चौकोन लिनोवर (ठशासाठी कोरायच्या मऊ पत्र्यावर) कोरून बघावा. ब्रुके गटाने लाकडी ठशांवर एवढी मेहनत घेतली ती उगाच नाही. १९०६ चा त्यांचा जाहीरनामाही किर्शनरने लाकडातच कोरला. कोरणीला करडा रंग ठाऊक नसतो. ठेवायचं की काढायचं, एवढंच तिला कळतं, आणि ते ठरवायची सवय ब्रशलाही लागते.

रंग कसा निवडायचा

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण हिरवा चेहरा खरा का वाटतो याचं उत्तर इथे आहे. प्रत्येक रंगाला स्वतःचा उजेड असतो. लेमन यलो ट्यूबमधून काढल्या काढल्याच खूप उजळ असतो, अल्ट्रामरीन खूप गडद, कॅडमियम रेड मधोमध. रंग त्याच्या जागेवर असतो तेव्हाच पूर्ण ताकदीने बोलतो. पिवळ्यात काळं घालून सावली करायला गेलात तर तो शेवाळी होतो. लालात पांढरा घालून उजेड करायला गेलात तर गुलाबी होतो आणि त्याची धग जाते. म्हणून आधी टोन बघायचा, मग त्या टोनला कुठला रंग जन्मजात बसतो ते शोधायचं. उजेडाच्या जागी लेमन यलो, फिकट हिरवा, फिकट गुलाबी. मधल्या जागी कॅडमियम रेड, नारिंगी, ऑकर. अंधाराच्या जागी अल्ट्रामरीन, ॲलिझरिन, व्हिरिडियन, जांभळा. एवढं पाळलं की कातडीचा खरा रंग सोडून दिला तरी चेहऱ्याची घडण टिकते. उजेडाने चेहरा ओळखू येतो, रंग भावनेसाठी मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावचा रात्रभर उघडा असणारा कॅफे रंगवला. माणसाच्या भयंकर वासना लाल आणि हिरव्यातून दाखवायचा प्रयत्न केला आहे, असं त्याने भावाला लिहिलं. भिंती रक्तासारख्या लाल, छत हिरवं, मधोमध हिरवं बिलियर्डचं टेबल, वर चार पिवळे दिवे आणि घसरत पुढे येणारी फरशी. बिलियर्डच्या टेबलाजवळ उभा असलेला मालक पांढऱ्या कपड्यात आहे. पण त्या भट्टीत त्याचे कपडे लिंबासारखे पिवळट आणि फिकट हिरवे होतात, हेही व्हॅन गॉगने पत्रात सांगितलं आहे. खोलीतला एकमेव स्वच्छ माणूसही त्या उजेडाने गाठला आहे. आपल्या चित्रात शर्ट पांढरा असेल तर तोही कोरा सोडायचा नाही.

लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या जोड्या शेजारी आल्या की एकमेकींना पेटवतात. दोन्हींचा टोन सारखा असेल तर कड थरथरते, डोळ्याला ती जागा स्थिर धरता येत नाही. ही थरथर हवी असेल तिथेच वापरा. संपूर्ण चित्रभर ती असेल तर डोळे शिणतात आणि भावना हरवते. आकारमानही समसमान नको. एका रंगाला निम्म्याहून जास्त जागा द्या, त्याच्या विरोधकाला थोडी.

आणि रंगांचे कोश विसरा. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, असल्या याद्या चित्रकाराच्या उपयोगाच्या नाहीत. फ्रांझ मार्कने डिसेंबर १९१० मध्ये चित्रकार मित्र आउगुस्ट माकेला लिहिलेल्या पत्रात निळ्याला कठोर आणि आध्यात्मिक, पिवळ्याला सौम्य आणि आनंदी, लालाला जड आणि दांडगा मानलं होतं. त्या हिशोबाने त्याची १९११ ची 'पिवळी गाय' आनंदाने उधळलेली आहे. पण व्हॅन गॉगच्या कॅफेतला पिवळा असह्य आहे. रंग जवळपास तोच, शेजारी वेगळे. मराठी नजरेला पिवळा म्हटलं की हळद आठवते, भंडारा आठवतो; तो ऊबदार, लालीकडे झुकणारा पिवळा आहे. त्याच पिवळ्यात टोकभर हिरवा घातला आणि जांभळ्या सावलीशेजारी ठेवला की तो आजारी दिसतो. ट्यूबलाइटसाठी आपल्याला तोच हवा.

आपल्या चित्राचं मिश्रण असं. चेहऱ्याचा उजेड: पांढरा ६ भाग, लेमन यलो २, व्हिरिडियन १. मधला टोन: कॅडमियम रेड २, ऑकर १, पांढरा अर्धा, त्यात उजेडाचं मिश्रण टोकभर, म्हणजे लाल ओरडणार नाही. सावली: अल्ट्रामरीन २, ॲलिझरिन १, पांढरा अजिबात नाही. भिंतीचा वरचा भाग: उजेडाच्याच मिश्रणात आणखी पांढरा. भिंतीचा खालचा पट्टा प्रत्यक्षात कुठलाही असो, इथे ॲलिझरिन आणि कॅडमियम रेड निम्मे-निम्मे. डोकं निम्मं फिकट हिरव्यावर आणि निम्मं लालावर येईल अशी पट्ट्याची उंची ठेवा. वर चेहरा भिंतीत विरघळेल, खाली जबड्यापाशी लाल त्याला कापेल. या एका जागेवर चित्र उभं राहतं, म्हणून आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त एवढाच भाग रंगवून बघा.

रंगवणं

जमिनीला, म्हणजे सगळ्या कोऱ्या कॅनव्हासला, ऑकर आणि चिमूटभर कॅडमियम रेड, भरपूर पाण्यात, असा पातळ हात द्या आणि अर्धा तास वाळू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग खरा आहे त्याहून गडद वाटतो आणि हात बिचकतो. शिवाय नंतर डागांमध्ये ज्या फटी राहतील तिथून ही ऊब दिसेल. फटी राहू द्यायच्या आहेतच. मुंकची 'किंकाळी' प्राइम न केलेल्या पुठ्ठ्यावर आहे आणि पुठ्ठ्याचा तपकिरी रंग त्या चित्राचाच एक रंग झाला आहे.

चारकोलने आकृती उतरवा, जास्तीची भुकटी फडक्याने झटका. ती राहिली तर पिवळा लगेच काळवंडतो.

आता १२ नंबरचा ब्रश. पॅलेटवर पांढरा लिंबाएवढा, बाकीचे सुपारीएवढे काढा. आधी सगळ्यात मोठे डाग: लाल पट्टा, वरची भिंत, फरशी. मग छातीचा अंधार. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी यायचं, नाहीतर दोन तास डोळ्यातच जातात आणि भिंत उरकली जाते. ब्रशची दिशा क्रियापदाच्या दिशेने: खचणं असेल तर फटकारे वरून खाली, शेवटाला किंचित दाब देऊन. फक्त ट्यूबलाइट आणि पट्ट्याची वरची कड आडवी, एका दमात. एका जागी फटकारा मारला की ब्रश उचला. त्याच ओल्या जागेवर तिसऱ्यांदा गेलात की रंग मळतो.

चेहरा आठ-दहा डागांत बसवा: कपाळ, दोन खोबणी, नाकाचा दांडा, नाकाची सावली, दोन गाल, वरचा ओठ, हनुवटी, मान. डाग शेजारी-शेजारी ठेवा, बोटाने किंवा ब्रशने कडा मिसळू नका. बुबुळ काढायची गरज बहुधा पडत नाही. खोबणीतला जांभळा पुरेसा असतो, आणि किर्शनरच्या त्या सैनिकासारखी नजर आत वळलेली वाटते.

ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून उजेडाचे रंग एक पायरी फिकटच लावा. एप्रिल-मेमध्ये पॅलेटवरचा रंग दहा मिनिटांत साय धरतो. पाण्याचा फवारा जवळ ठेवा. रंगात पाणी निम्म्याहून जास्त घातलं तर बांधणी कमजोर होते आणि पुढचा हात मारताना खालचा थर उचलून येतो. फार पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम वापरा.

तैलरंगात करणाऱ्यांसाठी: पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, पुढचे थर क्रमाने जवसाच्या तेलाने जाड. उलट केलं तर खालचा तेलकट थर सावकाश आकसतो आणि वरचा कोरडा थर तडकतो. किर्शनर तैलरंग पेट्रोलजातीच्या द्रावकाने पातळ करून झपाट्याने मारायचा, त्याच्या पृष्ठभागाचा कोरडेपणा त्यातून आला आहे. घरी पेट्रोलच्या वाटेला जाऊ नका. टर्पेंटाइन, तेही खिडक्या उघड्या ठेवून. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच टाका. आणि ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही.

बाह्यरेषा

डाग वाळल्यावर रेषा. अल्ट्रामरीन आणि ॲलिझरिनचा गडद जांभळा किंवा ॲलिझरिन-व्हिरिडियनचा काळा, ६ नंबरचा राउंड. रेषा सगळीकडून ओढली तर चित्र रंगवायच्या पुस्तकातलं दिसतं. जिथे वजन आहे तिथे जाड: खांद्याखाली, मांडीखाली, बाकाच्या झुकलेल्या कडेला. उजेडाकडच्या कपाळावर रेषा नकोच. तिचा शेवट ब्रश सुकत जाऊन आपोआप तुटू द्या. शिले काही चित्रांत आकृतीभोवती पांढऱ्या गुआशची (अपारदर्शक जलरंगाची) कड फिरवतो, त्यामुळे माणूस रिकाम्या कागदापासून सुटून एकटा पडतो. काळ्या रेषेऐवजी हाही मार्ग आहे, पण एका चित्रात दोन्ही नकोत.

रेषेवर पकड किती आहे हे तपासायचं असेल तर सूझाची १९६० च्या दशकाच्या मध्यातली काळ्यावर काळी चित्रं पाहा. तिथे रंग नाहीच. रंगाचा थर आणि फटकाऱ्याची दिशा एवढ्यावर चेहरा उमटतो.

बिघडतं कुठे

चित्र चिखल झालं: तीन रंग एकत्र मिसळले गेले किंवा ब्रश धुतला नाही. मिश्रणात दोन रंग आणि पांढरा, एवढीच मर्यादा ठेवा; दबवायला घातलेला टोकभर रंग यात धरू नका. मळलेली जागा ओली असेल तर पॅलेट नाइफने खरवडून काढा, तिच्यावर आणखी रंग चढवू नका. खरवडणं हे अपयशही नाही. मुंकने 'आजारी मुलगी' या १८८५-८६ च्या चित्राचा पृष्ठभाग पुन्हा-पुन्हा खरवडला आणि ओरबाडला. त्याची बहीण सोफी पंधराव्या वर्षी क्षयाने गेली होती. ते ओरखडे आजही चित्रावर दिसतात, आणि त्या उशाशी बसल्यासारखं वाटतं ते बरंचसं त्यांच्यामुळे.

चित्र भडक आहे पण काही वाटत नाही: सगळेच रंग पूर्ण ताकदीने लावले आहेत. एक तृतीयांश जागेत करडे, दबके रंग आणा. लालाला दबवायला त्यात हिरवा, पिवळ्याला दबवायला जांभळा, चिमूट-चिमूट.

चेहरा सपाट झाला: टोन सुटले. फोनवर काळा-पांढरा फोटो काढून तो सुरुवातीच्या चौकोनाशेजारी धरा. जिथे जुळत नाही तिथे रंग तोच ठेवून फक्त उजळ किंवा गडद करा.

माणूस हास्यास्पद दिसतो: विरूपण दोन दिशांना गेलं. बहुधा खांदे खाली खचले आहेत आणि भुवया मात्र नाटकातल्यासारख्या वर चढल्या आहेत. भुवया पुसा. ओरडणारं तोंड, अश्रू, विस्फारलेले डोळे ही चेहऱ्याची खूण-भाषा आहे. रंग आणि आकाराने काम केलं असेल तर तिची गरज उरत नाही, आणि केलं नसेल तर तिने भरून निघत नाही.

कुठे थांबायचं हे कळत नाही: दहा फुटांवर जा, चित्र उलटं करून ठेवा. उलटं असतानाही सगळं एका बाजूला ओघळतं आहे असं वाटलं तर ब्रश धुवून ठेवा. शंका असेल तर एक रात्र जाऊ द्या, सकाळच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली रंगवलेल्या चित्रातला पिवळा दिवसा वेगळाच निघतो.

ॲक्रिलिकचं चित्र दोन-तीन दिवसांनी वार्निश करता येतं. तैलरंगाला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं, पावसाळ्यात वाळणं आणखी रेंगाळतं. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरून मागून बुरशी येते.

पुढचं चित्र नव्या विषयावर नको. हाच माणूस, हाच बाक, हेच रेखाटन दुसऱ्या बोर्डवर उतरवा आणि लाल पट्टा काढून तिथे अल्ट्रामरीन लावा. मग चेहऱ्याचा हिरवा तसाच चालतो का, की त्यात कॅडमियम रेड हवा, हे जबड्यापाशीच्या त्या एका कडेवर ठरवा.